हात फिरलेली मासेराती: दोन दारं की चार?

चाकोरीबाहेर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आता पैसे जमलेत आणि पाठ अजून धड आहे, म्हणून पहिला धागा काढतोय.

दोन गाड्या हेरून ठेवल्यात. एक दोन दारांची कूपे, मासेराती ग्रानतुरिस्मो एस, २००९ ची, ४.७ लिटर, एमसी शिफ्ट गिअरबॉक्स, ६१ हजार किलोमीटर, तिसरा मालक विकतोय. दुसरी चार दारांची सेडान, मासेरातीचीच क्वात्रोपोर्ते ऑटोमॅटिक, २००७ ची, ४.२ लिटर, ७८ हजार किलोमीटर, पहिल्यापासून एकाच घरात. भाव दोघींचे जवळपास सारखेच, त्यामुळे तो मुद्दा बाजूला ठेवू.

घरी आम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी आणि चौऱ्याहत्तरीचे बाबा. रोजच्या कामाला एक छोटी, कधीही न रुसणारी गाडी आहे. ती राहणार. ही येईल ती सुटीच्या दिवसांसाठी, महिन्याकाठी एखाद्या लांबच्या प्रवासासाठी, आणि अधूनमधून उगाच.

मला कूपे हवीय. आधीच सांगून टाकतो, म्हणजे "तुमचं मन काय म्हणतंय" असे प्रतिसाद येणार नाहीत. माझं काही चुकत असेल तर तेवढं सांगा.

आठ_सिलिंडर

कूपे. धागा बंद करा.

किणकिण

वरच्यांना +१. सेडान काय, म्हातारपणीही घेता येते.

मुक्ता_स

म्हातारपणी? आमच्याकडे क्वात्रोपोर्ते आहे आणि मी अजून चाळिशीत आहे हो! तुम्ही लोक ती गाडी फक्त बाजूने बघता. तिच्या चाकामागे अर्धा तास बसा, मग बोला.

आठ_सिलिंडर

मुक्ताताई, राग नको. पण आकडे बघा. एस म्हणजे ४.७ लिटरचं व्ही८ (आठ सिलिंडरचं इंजिन), ४४० पीएस (म्हणजे अश्वशक्ती), ४९० न्यूटन-मीटर टॉर्क, शून्य ते शंभर ४.९ सेकंदांत. २००७ ची क्वात्रोपोर्ते ४०० पीएसची. वर एसमध्ये 'स्पोर्ट' बटण दाबलं की सायलेन्सरमधल्या झडपा उघडतात आणि मागून जो आवाज येतो, त्याचं वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत. शेजाऱ्यांकडे आहेत, पण ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

गॅरेजवाले_काका

चाकोरीबाहेर, समोर दोन वेगळ्या गाड्या आहेत असं तुम्ही धरून चाललाय. दोघींना शेजारीशेजारी लिफ्टवर चढवून खालून बघा, गाडी एकच आहे.

क्वात्रोपोर्तेची ही पाचवी पिढी २००३ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली. ग्रानतुरिस्मो आली २००७ च्या मार्चमध्ये, जिनिव्हाला. ती क्वात्रोपोर्तेच्याच पायावर उभी आहे. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३०६४ मिलिमीटर होतं, ते २९४२ केलं. अर्धी वीत कापली म्हणा. दोघींचा आकार पिनिनफारिना या डिझाइन कंपनीने काढला, दोघींचं इंजिन मारानेल्लोत फेरारीच्या कारखान्यात बनलं, दोघींची जुळणी मोदेनाला झाली. आणि दोन दारं कमी म्हणून कूपे हलकी असेल, हा समज तर सोडूनच द्या. १८८० किलोचं धूड आहे ते, लांबी ४.८८ मीटर. चपळ खेळण्यातली गाडी समजून घेणारे महिनाभरात हिरमुसतात. लांब पल्ल्याची गाडी समजून घेणारे खूश असतात.

तुमचा फरक दारांत नाहीच, गिअरबॉक्समध्ये आहे. त्यावर संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता एक गाडी उघडून ठेवलीय.

मनमौजी

वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली.

वेगळा_सूर

मूळ प्रश्नच चुकलाय असं माझं मत. १५-१८ वर्षं जुनी इटालियन गाडी घ्यायचीच कशाला? तेवढ्यात जर्मन किंवा जपानी नवी-कोरी मिळेल, चावी फिरवा की चालू.

मुक्ता_स

मिळेल ना. घ्या की. :)

वेगळा_सूर

अहो पण मुद्दा तरी समजून घ्या! एवढ्या वजनाचं व्ही८ गर्दीत लिटरला चार किलोमीटर देत असेल.

आठ_सिलिंडर

चार? आशावादी आहात.

गॅरेजवाले_काका

हं, आता गिअरबॉक्स.

२००३ ला क्वात्रोपोर्ते आली तेव्हा तिच्यात फक्त ड्युओसिलेक्ट होता. म्हणजे यंत्र पूर्ण मॅन्युअलचंच, क्लच प्लेटसकट. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम पायाऐवजी हायड्रॉलिक पंप करतो. गिअरबॉक्स इंजिनला चिकटलेला नाही, मागच्या अ‍ॅक्सलवर आहे. त्यामुळे वजनाची वाटणी सुरेख, पुढे ४७ आणि मागे ५३ टक्के. मोकळ्या रस्त्यावर गोड चालतो. पण चार दारांची, पाच मीटर लांब, साहेबी गाडी घेणाऱ्याला गर्दीत दर गिअरला मान हलवायची सवय नसते. तक्रारी झाल्या, आणि २००७ मध्ये झेडएफ कंपनीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक बसवला. तो इंजिनला जोडून आहे, वाटणी ४९-५१ झाली. त्यासाठी इंजिनची तेलव्यवस्थाही बदलली: आधी तेल वेगळ्या टाकीत, आता नेहमीसारखं खालच्या चेंबरमध्ये. त्या एका बदलाने गाडीचा स्वभाव बदलला, आणि माझ्या मते ती खरी सेडान तेव्हा झाली.

ग्रानतुरिस्मोची गोष्ट उलट झाली. ती सुरुवातीला ४.२ आणि ऑटोमॅटिक घेऊनच आली, ४०५ पीएस. मग २००८ मध्ये एस आली, ४.७ आणि एमसी शिफ्ट. एमसी शिफ्ट हा ड्युओसिलेक्टच्याच घराण्यातला, मागच्या अ‍ॅक्सलवरचा. पूर्ण जोरात असताना १०० मिलिसेकंदांत गिअर बदलतो, आणि बदलतो तेव्हा पाठीत बुक्की बसते. २००९ ला त्याच ४.७ इंजिनाबरोबर ऑटोमॅटिकही देऊ लागले.

म्हणजे तुम्ही कूपे विरुद्ध सेडान म्हणताय, पण तुमच्यासमोर आहे क्लच प्लेट विरुद्ध टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचऐवजी असतो तो, तेलातून जोर पोचवणारा). रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर पहिली, आणि बाबांना डॉक्टरांकडे न्यायचं तर दुसरी.

चाकोरीबाहेर

काका, दंडवत. इतकी वर्षं मी या गाड्यांची चित्रं बघतोय आणि हा मुद्दा असा कधी डोक्यातच आला नव्हता. एमसी शिफ्टची क्लच प्लेट साधारण किती चालते?

रात्रपाळी

याचं उत्तर मी देतो, कारण मी ती जाळलीय.

माझ्याकडे ड्युओसिलेक्टवाली क्वात्रोपोर्ते होती. ऑफिसची पार्किंग तळघरात, चढ तिरपा, वर फाटक. फाटक उघडेपर्यंत मी रोज चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरायचो, ऑटोमॅटिकमध्ये धरतात तशी. दोन पॅडल आहेत म्हणजे ऑटोमॅटिक, असं माझं डोकं! पहिल्या मालकाने ती प्लेट ३० हजार किलोमीटर वापरली होती आणि अर्धीही झिजवली नव्हती. उरलेली मी नऊ महिन्यांत संपवली. गाडीचा दोष शून्य. ज्याने विकली त्याने मला बजावलंही होतं: थांबायचं तर ब्रेक दाबून न्यूट्रल, निघायचं तर ठाम निघ, आणि चढावर रिव्हर्स टाळ. मी मान डोलावली आणि विसरलो.

म्हणून "किती चालते" याला आकडा नाही. वीस हजारांत संपवणारे आहेत, साठ हजार ओढणारेही आहेत. गाडी कुणी आणि कुठे चालवली ते विचारा. गाडीचा स्कॅनर लावला की क्लच किती टक्के झिजली ते दिसतं. ते वाचन हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.

आठ_सिलिंडर

हे मात्र मान्य. पण मग एस ऑटोमॅटिक शोधा ना! ४.७ चा आवाज आणि क्लचची कटकट नाही. नाहीतर २०१२ नंतरची स्पोर्ट, ४६० पीएस.

चाकोरीबाहेर

शोधली. माझ्या आवाक्यात आत्ता या दोनच आहेत.

किणकिण

एक बाळबोध प्रश्न. इंजिन फेरारीच्या कारखान्यातलं, म्हणजे दर काही वर्षांनी इंजिन उतरवून बेल्ट बदलायचा आणि घर गहाण टाकायचं, तसं काही?

गॅरेजवाले_काका

नाही हो. हे एफ१३६ घराण्याचं इंजिन, त्यात टायमिंग चेन आहे. बेल्टचा तो जुना जाच इथे नाही. याच घराण्यातलं ४.३ लिटर फेरारी एफ४३० मध्येही होतं, पण क्रँकशाफ्ट वेगळा. फेरारीचा सपाट, मासेरातीचा एकमेकांशी काटकोनातला. म्हणून फेरारी किंचाळते आणि ही छातीतून गुरगुरते. अल्फा रोमिओची ८सी कोम्पेतित्सिओने ऐकली असेल तर तोच ४.७ लिटरचा गळा आहे.

पण चेन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. इनटेक कॅमशाफ्टच्या टोकाला व्हेरिएटर असतात, तेलाच्या दाबावर झडपांची वेळ पुढेमागे करणारे. सुरुवातीच्या इंजिनांमधला हा नाजूक भाग. झिजले की थंड इंजिन चालू करताना पहिले एक-दोन सेकंद पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट येतो. नंतर तेल पोचलं की गप्प. दुरुस्तीला इंजिनाचं तोंड उघडावं लागतं, बिल बघून बसायला खुर्ची लागते.

यातली मेख लक्षात घ्या. इंजिन गरम असेल तर हा आवाज येतच नाही. गाडी बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर नमस्कार करा, चहा प्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

मुक्ता_स

काका, याला जोडून आमचा अनुभव. पुढच्या सस्पेंशनचे लोअर आर्म नक्की तपासून घ्या. त्यांचे बॉल जॉइंट आणि बुश झिजतात, आणि खड्ड्यावरून सावकाश जाताना पुढून 'टक्' असा आवाज येतो. आमची जुनी झाली तशी ती दुरुस्तीही आली. काही भयंकर नाही, पण भाव करताना धरून ठेवा. हा भाग दोन्ही गाड्यांना सारखाच.

आतली बटणं बघा. त्या काळातल्या इटालियन गाड्यांच्या बटणांवर एक मऊ लेप असायचा, तो वर्षांनी चिकट होतो. बोट लावलं की काळं. आमच्याकडे मी एकेक बटण काढून स्वतः साफ केलं, दोन शनिवार गेले. नवरा म्हणाला, इतकं लक्ष माझ्याकडे दिलं असतंस तर. असो.

डॅशबोर्डवरचं कातडंही पुढच्या काचेजवळ आकसून उचललं जातं, उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत जास्तच. ते नीट करणारा कारागीर मिळणं हे इंजिनवाला मिळण्याहून अवघड.

वेगळा_सूर

बघा, मी म्हटलं नव्हतं?

सावकाश_जा

थोडं अवांतर. क्वात्रोपोर्ते या नावाचा अर्थ इटालियनमध्ये फक्त 'चार दारं' इतकाच आहे. आपण घराण्याच्या गाडीचं नाव 'चारदारी' ठेवलं असतं तर लोक हसले असते, इटालियनमध्ये मात्र ते राजवाड्यासारखं वाजतं. पहिली आली १९६३ मध्ये, रचना पिएत्रो फ्रुआची. सुसाट धावणाऱ्या इंजिनाला चार दारं लावण्याची ती कल्पना त्या काळी चक्रमच होती.

फेरारीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. इटलीचे राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनी तिसऱ्या पिढीची क्वात्रोपोर्ते वापरायचे. ते १९८३ मध्ये मारानेल्लोला गेले तेव्हा फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी त्यांच्या स्वागताला गाडीपर्यंत गेलेच नाहीत म्हणे, कारण गाडी मासेराती होती. राष्ट्राध्यक्ष आपले चालत आले. आणि मग १९९७ मध्ये फेरारीनेच मासेरातीचा निम्मा हिस्सा घेतला, १९९९ ला उरलेला. २००५ मध्ये कंपनी परत फियाटकडे गेली, पण इंजिनं मारानेल्लोतून येत राहिली. एन्झोसाहेब १९८८ ला गेले म्हणून बरं.

आठ_सिलिंडर

कहर. हे माहीत नव्हतं.

मनमौजी

एक शंका. जुन्यापेक्षा २०१३ नंतरची क्वात्रोपोर्ते का नको? किंवा मासेरातीचीच धाकटी सेडान घिब्ली?

गॅरेजवाले_काका

वाईट नाहीत, पण त्या वेगळ्या गाड्या आहेत. सहाव्या पिढीत टर्बो आले: ३.८ लिटर व्ही८ ५३० पीएसचं, किंवा ३ लिटर व्ही६. आठ गिअरचा झेडएफ, तो उत्तम. गाडी वेगवान झाली, आत ऐसपैस झाली, लांबी ५.२६ मीटरवर गेली. पण टर्बो सायलेन्सरच्या वाटेत बसतो आणि आवाजाची धार जाते. धागाकर्त्याला जे हवंय ते २०१२ पर्यंतच्या सेडानमध्ये आणि २०१९ पर्यंतच्या कूपेमध्ये आहे. रोज चालवायची असती तर मी नवीनच सुचवली असती.

चाकोरीबाहेर

सगळ्यांचे आभार. आज दोन्हीकडे जाऊन आलो.

आधी कूपे. दिसायला… जाऊ दे, लिहीत नाही. गडद निळी. मी पोचलो तेव्हा विक्रेता बाहेर गाडी चालू ठेवूनच उभा होता, "तुमच्यासाठी गरम करून ठेवली" म्हणाला. काका, मला तुम्ही आठवलात. तरी फिरवली. स्पोर्ट बटण दाबलं. बोगद्यातून गेलो. परत आलो तेव्हा माझा चेहरा बघून बायको म्हणाली, "घेऊन टाक, नाहीतर घरी रडशील."

मग बाबांना मागे बसवलं. मागच्या दोन जागा खऱ्याखुऱ्या आहेत हे वाचलं होतं आणि ते खरं आहे. बाबा उंच आहेत तरी डोकं टेकलं नाही. बसायला त्रास झाला नाही, उतरायला झाला. पुढचं सीट सरकवून, एक हात दाराला, एक हात माझ्या खांद्याला, आणि मध्येच ते थांबले. काही बोलले नाहीत. वर आल्यावर म्हणाले, "गाडी छान आहे रे, मी पुढे बसत जाईन."

दुसरीकडे क्वात्रोपोर्ते. राखाडी, बटणं चिकट, पुढून मुक्ताताई म्हणतात तसा टक् आवाज. घरच्यांनी एक खोकं आणून ठेवलं. त्यात पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती, तारखेने लावलेली. टायरच्या पावत्यासुद्धा. गाडी ज्या वर्षी हजारभर किलोमीटरच फिरली, त्या वर्षीही ऑइल बदललंय.

मी अजून कूपेच्याच बाजूने आहे. पण आता तितक्या जोराने नाही.

रात्रपाळी

कूपेचं क्लचचं वाचन घेतलंत का?

चाकोरीबाहेर

स्कॅनर लावू द्यायला विक्रेता तयार आहे म्हणाला, पण "त्याची काय गरज" हे तीनदा म्हणाला.

रात्रपाळी

तीनदा. बरं.

गॅरेजवाले_काका

खोक्याबद्दल थोडं. लोक किलोमीटर बघतात. या गाड्यांना चालवणं मारत नाही, उभं राहणं मारतं. सील सुकतात, बॅटरी उतरते, कमी व्होल्टेजला इलेक्ट्रॉनिक्स भलत्याच चुका दाखवू लागतं. म्हणून ६१ विरुद्ध ७८ हजार हा फरक माझ्यासाठी शून्य आहे. कमी चाललेल्या वर्षीही ऑइल बदलणारा मालक मला ३० हजार किलोमीटरच्या गाडीहून प्यारा.

सेडानच्या पावत्यांमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललंय ते शोधा. 'आयुष्यभराचं ऑइल' या शब्दावर विसंबू नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. बदलताना खालचा प्लास्टिकचा चेंबरच नवा बसतो, फिल्टर त्यातच असतो.

आणि कूपे घ्यायचीच ठरली तर ब्रेक डिस्कची जाडी मोजून घ्या. एसच्या पुढच्या डिस्क साध्या नाहीत, ओतीव लोखंडाला अ‍ॅल्युमिनियम जोडून केलेल्या आहेत. अप्रतिम थांबतात. बदलायची वेळ आली की माणूसही थांबतो.

किणकिण

=)) =))

आठ_सिलिंडर

सगळे मिळून बिचाऱ्याला सेडानकडे ढकलताय. माणसाला एक गाडी आयुष्यात अशी असावी की पार्क करून जाताना मागे वळून बघावंसं वाटेल. खोक्यातल्या पावत्या बघून कुणी मागे वळलंय का?

मुक्ता_स

मी रोज वळते. पुढचे गाल बघा तिचे, चाकांवरची ती फुगीर रेघ. आणि मागून बघाल तर कुणाला कळणारही नाही किती जोर आहे. तुमच्या कूपेला सिग्नलवर प्रत्येक पोरगं डिवचतं. माझी गुपचूप निघून जाते.

शिवाय डिकी. कूपेत २६० लिटर, आमच्यात ४५०. चार माणसं आणि कूपे म्हणजे प्रत्येकी एक पिशवी.

आठ_सिलिंडर

चार माणसं असतील तर हा मुद्दा मान्य करावा लागेल. नाइलाजाने.

वेगळा_सूर

मी अजूनही म्हणतो नवी घ्या. पण त्या खोक्यावाल्या मालकाबद्दल वाचून बरं वाटलं.

चाकोरीबाहेर

अपडेट.

कूपेवाल्याला दोनदा विचारलं, सकाळी लवकर येतो, इंजिन थंड ठेवा. पहिल्यांदा म्हणाला हो, आणि मी पोचलो तर गाडी नुकतीच पेट्रोल भरून आणली होती. दुसऱ्यांदा म्हणाला, थंड-गरम काय, गाडी चालतेय ना. म्हणजे तो पहिल्या दोन सेकंदांचा आवाज मी ऐकलाच नाही. असेल किंवा नसेल. क्लच मात्र वाचली: ८३ टक्के झिजलेली. आधी कधी बदलल्याची पावती नाही, दोन आधीच्या मालकांचा एकही कागद नाही.

सेडानवाल्या काकूंना फोन केला (मालक वारले, गाडी आता त्यांच्या नावावर आहे, हे परवा लिहिलं नव्हतं). त्या म्हणाल्या, पहाटे सहाला या, मी जागीच असते. बॉनेट दगडासारखं थंड. त्यांनीच चावी फिरवली. एक क्षण सगळं शांत, मग ते आठही सिलिंडर एकदम जागे झाले, आणि मध्ये काही नाही, खडखडाट नाही, काही नाही. त्या म्हणाल्या, "हे रोज असंच खाली येऊन दोन मिनिटं ऐकायचे आणि वर चहाला जायचे."

गिअरबॉक्सचं ऑइल ७१ हजारांवर बदललंय, पावती आहे, चेंबरसकट.

एमसी शिफ्ट नाही, ४.७ नाही, झडपा नाहीत, गडद निळा नाही. घेतली.

गॅरेजवाले_काका

शाब्बास. बॉल जॉइंट दोन्ही बाजूंचे एकदम करा, एक बाजू करून पैसे वाचवू नका. नंतर चारही चाकांचं अलाइनमेंट.

मुक्ता_स

अभिनंदन!! बटणं साफ करायच्या आधी मला विचारा, काय लावू नये ते सांगते. मी एका बटणावरची अक्षरंच पुसून टाकली होती.

आठ_सिलिंडर

अभिनंदन. मनापासून. थंड इंजिन चालू करतानाचा आवाज रेकॉर्ड करून टाका, तेवढं तरी आमच्या वाट्याला येऊ द्या.

रात्रपाळी

अभिनंदन. बॅटरीला चार्जर लावून ठेवायचा, आठवडाभर उभी राहणार असेल तर नक्कीच. मी विसरलो होतो एकदा. बॅटरी आहे डिकीत, आणि डिकी उघडते विजेवर. पुढचं तुम्ही ओळखा. मॅन्युअलमध्ये उपाय दिलेला असतो, तो आजच वाचा. आणि मॅन्युअल डिकीत ठेवू नका.

किणकिण

मॅन्युअल डिकीत =)) =)) =))

चाकोरीबाहेर

रात्रपाळी, नेमकं तेच विचारायचं होतं. चार्जर आणलाय, पण वायर शटरखालून घेतली की शटर दोन बोटं वर राहतं. बाबा म्हणतात भिंतीला भोक पाड. बायको म्हणते आधी भाडेकरारात बघ. तुम्ही लोक वायर कुठून नेता?

मुक्ता_स

खिडकीच्या जाळीच्या कोपऱ्यातून. जाळी कापू नका, चौकट सैल करा. उद्या फोटो टाकते.